वळवाच्या गडगडाटाला घाबरणारी लहान मुलं : तुमच्या घरी काय करता?

केळीचं पान | २३ मे, रात्री ११.५०

घरातले सगळे झोपलेत, म्हणून आत्ता लिहायला बसले. रावेर तालुक्यात आमचं गाव, घरची केळी. मुलगा पावणेपाच वर्षांचा.

मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. इथल्यांना कारण सांगायला नको, खोल्यांच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निखाऱ्यासारख्या असतात. परवा साडेबाराच्या सुमाराला वारा सुटला, डोळ्यांत धूळ गेली आणि लगेच डोक्यावर कडाडलं. मग एकच पळापळ. गाद्या गुंडाळा, उशा जिन्यातून खाली फेका, अर्धवट वाळलेल्या बिबड्या आणि कुरडया उचला. लाइट गेलेली, जिन्यात काळोख. मुलाला झोपेतूनच उचललं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं. ते बॅटरी आणि चपला शोधत होते, त्यांना बागेकडे जायचं होतं. त्यांनी त्याला नणंदेकडे दिलं, तिनं दिवाणावर ठेवलं आणि ती खिडक्या लावायला धावली. मी खाली पोचले तेव्हा तो दिवाणाखाली होता. दोन्ही कानांत बोटं, चड्डी ओली. तासभर बाहेर आला नाही.

तेव्हापासून संध्याकाळी जरा ढग दिसला की "आई, आत चल." गच्चीवर यायला तयार नाही. काल शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला तरी दचकला.

आम्ही काय काय केलं ते सांगते. मी म्हटलं, "काही नाही रे, झोप." उपयोग नाही. नणंदेनं मोबाइलवर कार्टून लावून दिलं, ते बघत बघत रडत होता. सासरे म्हणाले, "वाघ ना तू?" तर म्हणाला, "मी वाघ नाही." सासूबाईंनी पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर दिलं, "आभायात म्हातारी हरभरे भरडू राह्यली रे भो." त्यावर त्यानं मला विचारलं, "तिला थांबायला कोण सांगेल?" मला उत्तर सुचलं नाही.

अजून सगळा जून पुढे आहे. तुम्ही काय करता? आणि म्हातारीची गोष्ट सांगायची की खरं सांगायचं? त्याच्या प्रश्नानं मी खरंच अडकले आहे.

गिरणाकाठची | २४ मे, सकाळी ७.१०

ताई, तुमचं वाचून आमचा मागच्या वर्षीचा मे आठवला. तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा, चार-पाच मिनिटांत तो तीन हातांतून गेला आणि शेवटी एकटा राहिला. झोपेतून जागं झालेल्या लेकराला ढगापेक्षा हे जास्त लागतं.

आम्ही आता संध्याकाळी गाद्या टाकतानाच ठरवतो, आज मुलीचं माणूस कोण. रात्री वारा सुटला तर त्या माणसानं गादीला हात लावायचा नाही, पापडाला नाही, खिडकीला नाही. मुलीला उचलायचं, तिच्या पाठीवर हात ठेवून खाली यायचं आणि तिच्याजवळ बसून राहायचं. गादी भिजली तर भिजू दे, आपल्याकडच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारी वाळते. बॅटरी उशाखाली असते, म्हणजे जिन्यात अंधारात चाचपडणं नाही.

एवढ्यानंच आमच्याकडे निम्मं रडणं कमी झालं. बाकी उपाय त्यानंतरचे.

पांझरा | २४ मे, सकाळी ९.३५

मी धुळ्याचा. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला मोजायला शिकवलंय. वीज चमकली की मोजायला लागायचं, गडगडलं की थांबायचं. प्रकाश तत्काळ पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटरला जवळपास तीन सेकंद. बारा आकडे झाले तर वीज चार किलोमीटरवर. पुढच्या वेळी पंधरा झाले तर वादळ लांब चाललंय. आम्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितो. आकडा वाढला की ती स्वतःच जाहीर करते, "गेलं नकाण्याच्या तळ्यापलीकडे!"

आवाज कशाचा हेही सांगितलंय. वीज ज्या वाटेनं जाते तिथली हवा एका क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपटीहून जास्त. इतकी तापली की हवा झटक्यात फुगते आणि तिचा धक्का म्हणजे तो आवाज. कागदी पिशवी फुगवून फोडून दाखवली, तिला लगेच कळलं. जवळची वीज "कडाड" करते आणि लांबची "गडगड गडगड" करत राहते, कारण विजेची वाट काही किलोमीटर लांब असते आणि तिच्या दूरच्या टोकाचा आवाज आपल्यापर्यंत उशिरा येतो.

माझं मत स्पष्ट आहे, खरं सांगा. म्हातारीची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तुमच्या मुलानं बरोबर प्रश्न विचारला. माणूस आवाज करत असेल तर त्याला थांबवता यायला हवं.

सेविकाताई | २४ मे, दुपारी ३.२०

मी चोपडा तालुक्यात अंगणवाडी चालवते, १९ वर्षं झाली. आमच्या खोलीला बरीच वर्षं पत्रा होता. पत्र्यावर गारा सुरू झाल्या की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि माझ्यासमोर तीन ते सहा वर्षांची वीस-बावीस लेकरं. त्यातून जे शिकले ते लिहिते, जरा लांब होईल.

पहिलं वयाचं. अंगावरचं बाळ दचकतं, दोन्ही हात फेकतं, ती भीती नव्हे. ती जन्माबरोबर आलेली प्रतिक्रिया, साधारण पाच-सहा महिन्यांत आपोआप जाते. त्याला छातीशी धरलं, पाजलं की झालं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कारण कळत नाही, त्याला फक्त तुमचं अंग कळतं. तुम्ही ताठ झालात की ते ताठ होतं. त्याच्याशी बोलून फायदा नाही, कडेवर घ्या आणि एका लयीत पाठ थोपटा. तीन ते सहा हे सगळ्यात अवघड वय. कल्पना धावायला लागलेली असते, पण खरं काय आणि मनातलं काय हे अजून वेगळं करता येत नाही. ताई, तुमचा मुलगा बरोबर तिथेच आहे. म्हणून म्हातारी त्याच्यासाठी खरीच आभाळात बसलेली आहे.

पांझराभाऊ, मोजणं छान आहे. मीही मोजायला लावते. पण रडत असलेलं मूल मोजत नाही. आधी त्याचा श्वास जागेवर यावा लागतो. मी म्हणते, "चला, चहा बशीत ओता." सगळी लेकरं हाताची बशी करतात आणि गरम चहा फुंकतात. जोरात फुंकला तर चहा सांडतो, म्हणून हळू, लांब फुंकायचा. असं पाच-सहा वेळा केलं की हुंदके कमी होतात. लांब श्वास सोडला की छातीची धडधड उतरते. मोठ्यांचंही तसंच होतं, करून बघा.

दुसरं, "काही नाही रे" म्हणू नका. त्याच्या कानाला, अंगाला खूप काही झालेलं असतं आणि आई म्हणते काही नाही. मग त्याला वाटतं, हिला ऐकू आलं नाही किंवा हिला माझं कळत नाही. त्यापेक्षा "केवढा मोठा आवाज झाला! तू दचकलास. मीपण दचकले. आपण आत आहोत, दार लावलंय." इतकंच. चार साधी वाक्यं.

चड्डी ओली झाली त्याबद्दल घरात कुणालाही बोलू देऊ नका. पाव्हण्यांसमोर तर मुळीच नाही. आणि "जेव, नाहीतर वीज येईल" असं म्हणायची सवय काही घरांत असते. जेवण दोन घास जास्त जातं आणि भीती पुढची दोन वर्षं राहते.

आता खेळ. कोरड्या, ऊन पडलेल्या दिवशी आम्ही पाऊस-पाऊस खेळतो. एक मूल बॅटरी लावून-विझवून वीज होतं, दोघं ताटं-पातेली वाजवतात, बाकीचे टाळ्या वाजवून पाऊस. आधी टपटप एका बोटानं, मग दोन, मग सगळी बोटं. मी हात वर केला की सगळं थांबतं. जे मूल सगळ्यात घाबरतं त्याला मी पातेलं देते. आवाज कधी करायचा आणि कधी थांबवायचा हे त्याच्या हातात येतं. पहिल्या दिवशी ते बाजूला उभं राहिलं तरी चालेल, ढकलायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आपणहून पातेलं मागतं.

गोष्टीचं विचाराल तर मी दोन्ही सांगते. पण गोष्ट सांगायची तर शेवट असलेली सांगा. म्हातारीचे हरभरे संपतात, ती जातं पुसते, डाळ डब्यात भरते आणि झोपते. नुसतं "भरडतेय" म्हणून सोडून दिलं की मुलाच्या मनात ती रात्रभर भरडत बसते.

बोरीकाठचे नाना | २४ मे, सायंकाळी ६.४५

बाळ, मी अमळनेरकडचा, वय ७१. आमचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं. वर हातभर मातीचं छत, भिंती दीड हात जाड. आभाळ गर्जलं तरी आत धप्प असा आवाज यायचा, जसं कुणी ओल्या मातीवर मोगरी मारतंय. आता पत्रा नाहीतर स्लॅब आणि सरकत्या काचा. गर्जलं की सगळी तावदानं थरथरतात. आजच्या लेकरांना आमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं हे आधी मान्य करायला हवं. "आम्ही नाही घाबरत होतो" असं आमच्या वयाची माणसं म्हणतात ते बरोबर नाही.

माझी आजी आम्हाला काही समजावून सांगत नसे. ती दिव्याशी बसून डाळ निवडत असायची. आभाळ कडाडलं की एक हात माझ्या डोक्यावर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं निवडत राहायची. म्हणायची, "मी शे ना तुना जोडे." म्हणजे, मी आहे ना तुझ्याजवळ. दुसरं काही नाही. सुपातला डाळीचा आवाज चालूच असायचा. मला आज वाटतं, ते काम थांबत नव्हतं यातच सगळं होतं. पोरानं बघितलं, आजीचं काम चालू आहे, म्हणजे जग चालू आहे.

गारा पडल्या की मात्र ती अंगणात विळा फेकायची, आभाळाची धार कापायला. त्या वेळी आम्हाला फार धीर यायचा. पण आता सुनांना मी सांगतो, तसं करायला दाराबाहेर जाऊ नका. त्या काळी कळत नव्हतं.

एक गोष्ट मनात राहिली आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना असाच रडला होता आणि मी त्याला म्हणालो होतो, "पोऱ्या व्हईसन रडस का?" मुलगा असून रडतोस का, असं. तो गप्प झाला. मला वाटलं भीती गेली. तो आता ४४ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सहज बोलता बोलता म्हणाला, मी त्यानंतर रोज गोधडीत तोंड घालून रडायचो. तुमचा मुलगा "मी वाघ नाही" म्हणाला ना, ते फार चांगलं आहे. त्याला म्हणू द्या.

भुसावळचा फलाट | २४ मे, रात्री ९.०५

नानांचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

आम्ही रेल्वेच्या वसाहतीतले. माझी दोन्ही मुलं मालगाडीच्या खडखडाटात बिनघोर झोपतात, भिंत हलते तरी कूस बदलत नाहीत. आणि तीच मुलं गडगडाटाला किंचाळून उठायची. मला कोडं पडलं होतं. मग धाकट्यानंच सांगितलं, "गाडी आधी शिट्टी देते ना."

तेव्हापासून आमच्या घरात वीज म्हणजे शिट्टी. चमकली की मी शांतपणे म्हणतो, "शिट्टी झाली, गाडी येतेय." मग सगळे मिळून वाट बघतो. आली की "गेली." खिडकीचे पडदे पूर्वी गच्च लावायचो, त्यामुळे उलटंच व्हायचं, चमक दिसायची नाही आणि आवाज अचानक अंगावर यायचा. आता खिडकी बंद, पडदा थोडा उघडा, आणि आम्ही खिडकीपासून लांब, खोलीच्या मध्ये.

वाघूर | २५ मे, सकाळी ८.००

सगळ्यांचं पटतंय, पण एक राहून जातंय. वीज खरंच धोक्याची आहे. आमच्या शेजारच्या शेतात दोन वर्षांपूर्वी निंबाखाली बांधलेली बैलजोडी एका क्षणात गेली. माझ्या मुलानं ते पाहिलंय. त्याला "वीज काही करत नाही" असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तो मला खोटारडा म्हणेल आणि उद्या शेतात झाडाखाली थांबेल.

म्हणून मी त्याला नियम दिले. गडगडाट ऐकू आला की खेळ जिथल्या तिथे सोडून पक्क्या घरात. झाडाखाली नाही, खांबाजवळ नाही, विहिरीच्या काठावर नाही, उघड्या ट्रॅक्टरवर नाही. शेतातली झोपडी किंवा नुसतं पत्र्याचं शेड म्हणजे घर नव्हे. काचा बंद असलेली मोटार चालते. घरात आल्यावर नळाखाली अंघोळ नाही, चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास आतच. आम्ही घड्याळाचा मोठा काटा दाखवतो, इथून तिथे गेला की बाहेर.

नियम दिल्यावर त्याची भीती वाढेल असं बायकोला वाटत होतं. झालं उलट. त्याला कळलं की आपण काहीतरी करू शकतो. आता तोच आजीला नळावरून हाक मारतो.

मोठ्यांनी मोबाइलवर 'दामिनी' ॲप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे, आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा पडत असतील तर कळतं. आणि कुणावर वीज पडलीच तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८ ला फोन लावा. हे मुलांसाठी नाही, आपल्यासाठी लिहितोय.

गिरणाकाठची | २५ मे, सकाळी ८.४०

भाऊ, नियम बरोबर आहेत, पण बैलांची गोष्ट पावणेपाच वर्षांच्या मुलाला कुणी ऐकवू नये अशी कळकळीची विनंती. तुमच्या मुलानं पाहिलं म्हणून तुम्हाला बोलावं लागलं. ज्यानं पाहिलं नाही त्याला एवढंच पुरे, "बाहेर धोका असतो म्हणून आपण आत येतो. आत आलो की झालं."

वाघूर | २५ मे, सकाळी ९.१५

मान्य ताई. नियम सांगायचे ते पाऊस नसताना, हेही लिहायला हवं होतं. कडाडत असताना शिकवत बसायचं नाही.

आभाळाखाली | २५ मे, दुपारी १.३०

माहेर शिरपूर, सध्या पुण्यात. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. त्याला आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, तो त्याला दुखतो. मिक्सर, शिट्टी, फटाके, सगळंच. त्याच्यावर मोजणं, गोष्ट, पातेलं यातलं काही चाललं नाही. खेळाचं पातेलं तर मी पुन्हा कधीच काढणार नाही.

आम्हाला जे चाललं ते असं. आवाज कमी करणारे, कानावर बसणारे मोठे गोल झाकण असतात, कारखान्यात कामगार लावतात तसे. ते त्याच्या पलंगाच्या खुंटीला कायम टांगलेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्याची गोधडी, तिथे तो जाऊन बसतो आणि आम्ही त्याला बाहेर ओढत नाही. कपाटाबाहेर मी बसते, पाठ दाराला टेकवून. तो कधी कधी आतून दारावर टकटक करतो, मी बाहेरून करते. इतकं पुरतं. कानात कापूस कोंबू नका, लहान मुलं तो आत ढकलतात.

केळीचं पान, तुमच्या मुलाला ट्रॅक्टरचा त्रास परवापासूनच होतोय ना? मग बहुतेक ओसरेल. पण सगळ्याच मोठ्या आवाजांना तो आधीपासून असं करत असेल, किंवा सहा महिने उलटूनही निरभ्र आभाळाखाली बाहेर पडत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मी दोन वर्षं उशीर केला, तुम्ही करू नका.

सातपुड्यातली शाळा | २५ मे, रात्री ८.२०

नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातल्या निवासी शाळेत मी शिकवतो. दरीत एकदा गडगडलं की चारही बाजूंनी परत येतं, संपता संपत नाही. पहिलीची मुलं सहा वर्षांची, आई-बाप दोन डोंगर पलीकडे. इथे कडेवर घ्यायला चाळीस मुलांमागे दोन माणसं.

आम्ही पाचवी-सहावीच्या प्रत्येक मुलाला एकेक लहानगा दिलाय. गडगडलं की मोठ्यानं आपली गादी सोडून लहानग्याच्या गादीवर जायचं. त्याच्याच बोलीत बोलायचं, मराठीत नाही. मी मराठीत कितीही गोड बोललो तरी ते कानात जातं, पोटात जात नाही. हा एक मुद्दा तुमच्या चर्चेत नव्हता म्हणून लिहिला. घाबरलेल्या मुलाशी घरच्या भाषेत बोला.

केळीचं पान | २५ मे, रात्री ११.२०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. नानांचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री मुलाला शेजारी घेऊन झोपले.

नानांच्या आजीबद्दल वाचताना मला एक दिसलं. ती निवडत राहिली. आमच्या घरात त्या रात्री कुणाचंही काम जागेवर नव्हतं. आमच्याकडे वळीव म्हणजे केळी. निसवलेली, घड लागलेली बाग उभी असते, घडाचं ओझं वर, मुळं उथळ, तासाभराच्या वाऱ्यात वर्षाचं पीक आडवं होतं. आभाळ वाजलं की सासरे बॅटरी घेतात, हे फोन लावतात, सासूबाई देवापुढे बसतात आणि त्यांचे डोळे वाहतात. मीही खिडकीतून बागेच्या दिशेला बघत असते. गेली चार वर्षं तो हे बघतोय. पहिले दोन उन्हाळे तर माझ्या कडेवरून.

मला वाटत होतं तो आवाजाला घाबरतो. सेविकाताई, तुम्ही लिहिलंत ना, तुम्ही ताठ झालात की ते ताठ होतं. आवाज झाला की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचे चेहरे बदलतात, आणि का ते त्याला आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही. त्यानं बहुतेक असं धरलं असेल की त्या आवाजात काहीतरी आहे जे आजीलाही रडवतं.

बागेची काळजी तर खोटी नाही. ती लपवता येणार नाही. मग त्याला काय सांगू?

सेविकाताई | २६ मे, सकाळी ६.५०

तेच सांगा. "आजोबांना केळीची काळजी वाटते, वाऱ्यानं पडतात म्हणून. तुझी काळजी घ्यायला मी इथे आहे." मोठ्यांची काळजी कशाची आहे हे कळलं की मूल बाकीच्या शंभर गोष्टींची काळजी सोडून देतं. सासूबाईंना म्हणावं, देवापुढे बसाल तेव्हा त्याला मांडीवर घ्या, एक फूल त्याच्या हातानं वाहू द्या. त्यांनाही बरं वाटेल. फक्त त्याच्यासमोर "याला काहीतरी बाहेरचं लागलं" असं म्हणू नका. मीठ-मिरची ओवाळायची तर हसत ओवाळा.

केळीचं पान | ८ जून, दुपारी २.४०

काय झालं ते सांगायला आले.

पाच तारखेला रात्री आलं. साडेनऊला, म्हणजे सुदैवानं जागे होतो. गिरणाकाठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी मुलाचं माणूस मी होते. त्याला घेऊन मधल्या खोलीत बसले, पडदा थोडा उघडा ठेवला. चमकलं की "शिट्टी." पहिल्या तीन-चार वेळा तो माझ्या मानेत तोंड खुपसून होता. बशीतला चहा फुंकला. मग बोटं मोजायला लागला, सातपर्यंत जाऊन पुन्हा दोनवर येत होता, पण मोजत होता. मी सांगितलं, आजोबा केळीसाठी बाहेर ओट्यापर्यंत गेलेत, वारा थांबल्याशिवाय बागेत जाणार नाहीत, त्यांनी मला कबूल केलंय. (हे कबूल करून घ्यायला दोन दिवस लागले. वाघूरभाऊ, तुमचे नियम मी मुलापेक्षा त्यांना जास्त ऐकवले.) रडला, पण दहा-पंधरा मिनिटं. चड्डी कोरडी होती. साडेदहाला खिचडी मागून खाल्ली.

बाग मात्र वाचली नाही. वरच्या तुकड्यातली पाचशेच्या वर खोडं आडवी झाली. सकाळी सासरे बघायला निघाले तर हा त्यांच्या मागे. मी नको म्हणत होते, त्यांनीच नेलं. पडलेल्या खोडांमधून त्याला फिरवलं. त्यानं विचारलं, "हे त्या आवाजानं पाडलं का?" आजोबांनी त्याला मोडलेलं खोड दाखवलं, सगळी एकाच दिशेला कशी पडलीत ते दाखवलं आणि म्हणाले, "आवाजानं एक पान पण फाटत नाही. हे वाऱ्यानं केलं." घरी येऊन त्यानं मला तसंच्या तसं सांगितलं.

परवा संध्याकाळी लांबवर गडगडलं, त्यानं खेळता खेळता वर बघितलं आणि "शिट्टी दिसली नाही" एवढंच म्हणाला. आपणहून आत आला.

पण आता नवीनच. काल दुपारी नुसता वारा सुटला, ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं, तर धावत येऊन मला म्हणाला, "दार लाव, वारा आला." वाऱ्यासाठी काय करू?

सेविकाताई | ८ जून, सायंकाळी ५.१०

ताई, पाचशे खोडं वाचून जीव हळहळला. पंचनामा झाला का? फोटो काढून ठेवा, विमा असेल तर लगेच कळवायला लागतं.

वाऱ्याचं घाबरू नका. त्यानं वारा काय करतो ते डोळ्यांनी पाहिलंय, त्याला भीती वाटणारच. आता त्याला छोटा वारा द्या. कागदाचं भिरभिरं करा, बाभळीच्या काट्यानं काडीला टोचा. आधी घरात तोंडानं फुंकून फिरवू दे. मग खिडकीत. मग ओट्यावर, तुम्ही शेजारी. वारा पडला की भिरभिरं थांबतं हे त्याला दिसलं पाहिजे, सुरू होतं ते दाखवायची गरज नाही. आणि आजोबा नवी कंदं लावतील तेव्हा एक ओळ त्याच्या हातानं लावू द्या.

केळीचं पान | ८ जून, सायंकाळी ५.३०

पंचनामा काल झाला. भिरभिऱ्याला सासरेच बसलेत, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. काटा आणायला दोघं बांधावर गेलेत.